बायपासनंतरचे दुखणे आणि छातीवरचा ब्लॉक : सुई नेमकी कुठे टोचतात, आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी

सहकारनगरात राहणाऱ्या एका मुलीने विचारले आहे की, तिच्या ६८ वर्षांच्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया पुढच्या पंधरवड्यात ठरली असून तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञांनी ‘शस्त्रक्रियेनंतर दुखू नये म्हणून छातीवर ब्लॉक देऊ’ असे सांगितले. वडिलांना मधुमेह आहे, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत, आणि मणक्यात सुई टोचली की पाय लुळे पडतात असे शेजारच्या काकांकडून ऐकल्यापासून घरातले सगळेच धास्तावले आहेत. ब्लॉक म्हणजे मणक्यातलीच सुई का, ती घ्यावी का, आणि घेतली तर दुखणे खरोखर थांबते का, असे तिचे तीन प्रश्न आहेत. पुण्यात हृदयशस्त्रक्रियेसाठी भूल देण्याचे काम मी अनेक वर्षे करीत असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे नेहमीच येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ब्लॉक म्हणजे दुखण्याची संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंजवळ जागेवरची भूल सोडून ते काही तास बधिर करणे. आधी काकांच्या भीतीबद्दल. भूलतज्ज्ञांनी ‘छातीवर’ असा शब्द वापरला असेल, तर त्यांच्या मनात बहुधा पॅरास्टर्नल ब्लॉक असणार. छातीच्या मधल्या हाडाच्या, म्हणजे उरोस्थीच्या, दोन्ही कडांना पुढच्या बाजूने हा ब्लॉक दिला जातो. त्याची सुई मणक्याच्या आसपासही जात नाही, आणि पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंशी तिचा काही संबंध नसतो. काकांनी ऐकलेली गोष्ट मात्र निराधार नाही. ती वेगळ्या पद्धतीची, म्हणजे मणक्यात सुई घालून द्यायच्या एपिड्युरलची आहे, आणि त्या भीतीमागे एक खरे कारण आहे, ज्याकडे पुढे वळतो.

बायपासनंतर रुग्णाला दुखते ते हृदय नव्हे. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी उरोस्थी वरपासून खालपर्यंत करवतीने मधोमध कापली जाते, स्टीलच्या रिट्रॅक्टरने तिचे दोन भाग बाजूला ताणून धरले जातात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी ते पुन्हा बांधले जातात. या कापलेल्या हाडाची आणि त्यावरच्या त्वचेची संवेदना प्रामुख्याने दुसऱ्या ते सहाव्या बरगडीखालून पुढे येणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकाच्या शाखा वाहून नेतात. हे मज्जातंतू पाठीकडून निघतात, बरगड्यांच्या खालच्या कडेने छातीला वळसा घालतात आणि उरोस्थीच्या कडेला आले की छातीच्या मोठ्या स्नायूतून वर येऊन त्वचेत पसरतात. पॅरास्टर्नल ब्लॉक त्यांना नेमका तिथे, प्रवासाच्या अगदी शेवटी गाठतो.

पण दुखण्याचे उगम एवढेच नाहीत, आणि नातेवाइकांना हे आधी सांगितले नाही तर नंतर ‘ब्लॉक दिला तरी दुखतेच आहे’ अशी तक्रार ठरलेली असते. डाव्या बाजूची छातीची आतली धमनी, जिला शल्यचिकित्सक लिमा म्हणतात, सोडवून हृदयाला जोडताना डावी छाती जास्त उचलली जाते, म्हणून डावीकडे अधिक दुखते. रिट्रॅक्टरच्या ताणामुळे बरगड्या पाठीमागे जिथे मणक्याला जोडलेल्या असतात ते सांधे कुरकुरतात, आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी छातीऐवजी दोन खवाट्यांच्या मधली जागा दाखवतो. छातीत साचणारे रक्त बाहेर काढण्यासाठी पोटाच्या वरच्या भागातून ज्या नळ्या, म्हणजे ड्रेन, घातलेल्या असतात त्या तर पहिल्या दोन दिवसांतले सर्वांत मोठे दुखणे ठरू शकतात, आणि ड्रेन काढल्याबरोबर ‘अर्धे ओझे उतरले’ असे म्हणणारे रुग्ण मी रोज पाहतो. शिवाय पायातून शीर काढली असेल तर तिथे वेगळी जखम असते. पुढून दिलेला ब्लॉक यांपैकी फक्त पहिल्या, म्हणजे हाडाच्या जखमेच्या, दुखण्यावर नीट काम करतो. खवाट्यांमधल्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही; ड्रेनच्या जागेसाठी पोटाच्या सरळ स्नायूच्या आवरणात वेगळे औषध द्यावे लागते किंवा टाके घालताना शल्यचिकित्सकाने तिथे जागेवरची भूल सोडावी लागते; आणि पायासाठी पायातच काही करावे लागते.

आता एपिड्युरल. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बारीक नळी ठेवून जागेवरची भूल सोडत राहिले, तर छाती पुढून-मागून, आत-बाहेर सगळीच बधिर होते, आणि वेदनाशमनाच्या दृष्टीने याच्या तोडीची दुसरी पद्धत आजही नाही. बेंगळुरूच्या भूलतज्ज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीला केवळ एपिड्युरलवर, रुग्ण जागा असताना, बायपास करून दाखवली होती, आणि दोन हजारांहून अधिक हृदयरुग्णांमधला एपिड्युरलचा आपला अनुभव २००५ साली प्रसिद्ध केला होता. तरीही देशातील बहुतेक केंद्रांत ती पद्धत रुळली नाही, कारण हृदयशस्त्रक्रियेत रक्त न गोठण्यासाठी हेपॅरिन द्यावेच लागते. हृदय-फुप्फुस यंत्रावर जाताना हे प्रमाण वजनाच्या किलोमागे ३०० ते ४०० युनिट इतके, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साधारण २० हजार युनिटच्या पुढे असते. धडधडत्या हृदयावर, यंत्राशिवाय, शस्त्रक्रिया केली, जशी आपल्याकडे पुष्कळदा केली जाते, तर ते कमी असते, पण असतेच. मणक्यात सुई घालताना एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावली आणि त्यानंतर एवढे हेपॅरिन गेले, तर त्या बंद हाडी पोकळीत रक्ताची गाठ साचून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. ही गोष्ट हजारो रुग्णांत एखाद्याच्या बाबतीत घडते, पण घडली आणि काही तासांच्या आत ती गाठ शस्त्रक्रियेने काढली गेली नाही, तर पायांतली शक्ती कायमची जाऊ शकते. त्यातच हृदयशस्त्रक्रियेचा रुग्ण पहिले काही तास व्हेंटिलेटरवर गुंगीत असतो. पाय हलत नाहीत हे तो सांगणार कधी आणि कोणाला? म्हणून एपिड्युरल दिल्यानंतर हेपॅरिनपूर्वी किमान तासभर थांबावे आणि सुईतून रक्त आले तर शस्त्रक्रिया एक दिवस पुढे ढकलण्याचा विचार करावा, असे दंडक आहेत. शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक आणि नातेवाइकांचा धीर या दोन्हींना ते परवडत नाहीत, आणि काकांची भीती इथूनच आलेली असते.

मणक्याच्या बाजूला, कण्यातून मज्जातंतू बाहेर पडतात त्या त्रिकोणी जागेत द्यायचा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक हा यातला मधला मार्ग. तो १९०५ पासून ज्ञात आहे आणि १९७९ नंतर पुन्हा वापरात आला. परिणाम उत्तम, पण जागा खोल आहे. तिथे रक्तस्राव झाला तर वरून दाबून थांबवता येत नाही, आणि म्हणून रक्त पातळ असलेल्या रुग्णाबाबत त्याला एपिड्युरलचेच नियम लावले जातात. दोन्ही बाजूंना द्यायचा म्हणजे धोकाही दोनदा पत्करायचा. मधून छाती उघडणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी मी स्वतः तो निवडत नाही.

चित्र बदलले ते सोनोग्राफीमुळे. गेल्या पंधरा वर्षांत स्नायूंच्या थरांमधल्या पातळ आवरणांमध्ये, पडद्यावर पाहत पाहत, औषध सोडण्याची एक पूर्ण शाखाच उभी राहिली. छातीच्या पुढच्या भागासाठी पेक्स ब्लॉक २०११ आणि २०१२ मध्ये, काखेखालच्या स्नायूवरचा सेरॅटस ब्लॉक २०१३ मध्ये, उरोस्थीच्या कडेचे दोन ब्लॉक २०१४ आणि २०१५ मध्ये, आणि पाठीच्या लांब स्नायूखालचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक २०१६ मध्ये वर्णिला गेला. यांची नावे इतकी वाढली आणि एकाच ब्लॉकला इतकी नावे पडली की २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांना एकत्र बसून नामकरण करावे लागले. तुमच्या वडिलांच्या कागदावर ‘पीआयएफबी’ लिहिलेले असेल किंवा ‘सुपरफिशियल पॅरास्टर्नल’ लिहिलेले असेल, तर दोन्ही म्हणजे उरोस्थीच्या कडेचा वरच्या थरातला ब्लॉकच समजा.

हा ब्लॉक प्रत्यक्षात कसा दिला जातो ते सांगतो, कारण बरीचशी भीती न दिसणाऱ्या गोष्टीची असते. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते, त्यामुळे टोचल्याचे त्याला कळत नाही. छाती जंतुनाशकाने स्वच्छ करून सोनोग्राफीचा चपटा प्रोब उरोस्थीच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर उभा धरला जातो. पडद्यावर वर त्वचा आणि चरबी, खाली छातीच्या मोठ्या स्नायूचा राखाडी पट्टा, त्याखाली बरगड्यांच्या गोल सावल्या आणि त्यांच्या मधले स्नायू, आणि सर्वांत खाली श्वासाबरोबर मागेपुढे सरकणारी फुप्फुसाच्या आवरणाची चकचकीत रेघ दिसते. सुई मोठ्या स्नायूच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत नेऊन आधी एक-दोन मिलिलिटर सलाईन सोडतात. ते योग्य थरात गेले तर स्नायू वर उचलला जाऊन खाली काळी, भिंगाच्या आकाराची जागा उघडते, आणि चुकीच्या थरात गेले तर स्नायूच नुसता फुगतो. भिंग दिसले की मगच औषध सोडायचे. एका बाजूला साधारण २० मिलिलिटर, मग दुसऱ्या बाजूला तेवढेच. सरावलेल्या हाताला दोन्ही बाजू मिळून दहा मिनिटांपेक्षा फारसा अधिक वेळ लागत नाही.

याचाच एक खोल प्रकार आहे, ज्यात औषध आणखी एक थर खाली, आतल्या धमनीच्या शेजारी सोडले जाते. परिणाम जवळपास सारखाच मिळतो. मात्र लिमा जिथे धावते तीच ही जागा आहे, आणि जी धमनी हृदयाला नवे रक्त देणार आहे तिच्याजवळ सुई नेण्याचे मला तरी कारण दिसत नाही. शिवाय लिमा काढून झाल्यावर तो थर विस्कटलेला असतो, औषध कुठे पसरेल याचा भरवसा राहत नाही, आणि फुप्फुसाचे आवरणही तिथून अगदी जवळ असते. म्हणून बायपाससाठी मी वरचाच थर निवडतो. तिथे रक्तस्राव झालाच तर तो हाताने दाबून थांबवता येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णात हा ब्लॉक स्वीकारार्ह ठरतो तो नेमका याच गुणामुळे. अर्थात त्या गोळ्यांचे काय करायचे हे ब्लॉकवरून नव्हे, तर शस्त्रक्रियेतल्या रक्तस्रावावरून ठरते. क्लोपिडोग्रेल सहसा पाच दिवस आधी थांबवतात आणि ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात, पण वडिलांना स्टेंट घातलेला असेल तर हिशेब वेगळा होतो. कोणतीही गोळी घरच्या घरी, आपल्या अंदाजाने थांबवू नका. कोणती गोळी शेवटची कोणत्या दिवशी घ्यायची ते कागदावर लिहून मागा.

इरेक्टर स्पायनी ब्लॉकबद्दल पुण्यात सध्या बराच उत्साह आहे आणि तुम्हाला तोही सुचवला जाऊ शकतो. यात पाठीमागून, मणक्याच्या बाजूला आलेल्या आडव्या हाडाच्या टोकावर, स्नायूखाली औषध सोडतात. सुई मणक्याच्या पोकळीत शिरत नाही आणि हाडाचा आधार असल्यामुळे फुप्फुसापासूनही दूर राहते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल यांच्यापेक्षा या ब्लॉकने पहिल्या काही तासांत चांगला आराम दिला होता. बरगड्यांच्या मागच्या सांध्यांचे दुखणे यात झाकले जाते, हा त्याचा खरा फायदा. तोटा असा की, मागे सोडलेले औषध पुढे उरोस्थीपर्यंतच्या मज्जातंतूंना किती गाठेल हे रुग्णागणिक बदलते. दुसरी अडचण व्यवहाराची आहे : हा ब्लॉक देण्यासाठी रुग्णाला बसवावे किंवा कुशीवर वळवावे लागते. भूल देऊन, मानेत आणि मनगटात नळ्या घालून झाल्यावर कमकुवत हृदयाच्या रुग्णाला वळवणे मला रुचत नाही. आणि जागेपणी बसवून द्यायचा तर छातीत आधीच कळ येणाऱ्या माणसाची धडधड त्या दहा मिनिटांत वाढते. ज्यांच्या हाती तो नेहमीचा आहे ते सुरक्षितपणे देतात, हेही खरे. भूलतज्ज्ञाला जो ब्लॉक सर्वाधिक सवयीचा आहे तोच त्याच्याकडून घ्यावा. केवळ नाव वाचून दुसऱ्या ब्लॉकचा आग्रह धरू नये.

छोट्या छेदातून, म्हणजे डाव्या बरगड्यांमधून, केलेल्या बायपासची गोष्ट वेगळी आहे, आणि याबाबत लोकांचा मोठा गैरसमज असतो. छेद लहान म्हणून दुखणे कमी, असे सगळे धरून चालतात. पहिल्या दोन दिवसांत ते बरेचदा उलट असते, कारण बरगड्या ताणल्या जातात, मधला मज्जातंतू दाबला जातो, आणि प्रत्येक श्वासाला बरगडी हलतेच. अशा वेळी उरोस्थीच्या कडेचा ब्लॉक निरुपयोगी असतो. तिथे सेरॅटस, इरेक्टर स्पायनी किंवा पॅराव्हर्टिब्रल द्यावा लागतो, आणि शक्यतो बारीक नळी ठेवून औषध दोन-तीन दिवस चालू ठेवावे लागते.

आता औषधाविषयी. बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन ही नेहमीची औषधे. यांची कमाल मात्रा वजनावर ठरते : रोपिव्हॅकेनसाठी किलोमागे सुमारे ३ मिलिग्रॅम आणि बुपिव्हॅकेनसाठी २ ते २.५ मिलिग्रॅम. वडिलांचे वजन ६० किलो धरले, तर रोपिव्हॅकेनची वरची मर्यादा १८० मिलिग्रॅम होते, ०.२५ टक्के तीव्रतेचे २० मिलिलिटर दोन्ही बाजूंना दिले की १०० मिलिग्रॅम खर्च झाले, आणि उरलेल्यातच ड्रेनच्या जागेचा आणि पायाच्या जखमेचा हिशेब बसवावा लागतो. हा हिशेब भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी मिळून ठेवायचा असतो, कारण टाके घालताना वरून आणखी एक भरलेली सिरिंज हातात दिली जाण्याचा मोह शस्त्रक्रियागृहात नेहमी असतो. मात्रा ओलांडली किंवा औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेले, तर जिभेला बधिरपणा, कानात आवाज, झटके आणि हृदयाच्या ठोक्यांत गंभीर बिघाड होऊ शकतो. झोपलेल्या रुग्णात पहिली लक्षणे दिसत नाहीत, थेट ठोकेच बिघडतात. यावरचा उतारा म्हणजे २० टक्के चरबीयुक्त द्रावण, किलोमागे १.५ मिलिलिटर शिरेतून. ते शस्त्रक्रियागृहात हाताशी असणे अनिवार्य आहे. हा प्रकार दुर्मीळ आहे, आणि सोनोग्राफी, हळूहळू थोडे थोडे औषध सोडणे व मधून मधून सिरिंज मागे ओढून रक्त येते का ते पाहणे, यांमुळे आणखी दुर्मीळ झाला आहे.

एकदा दिलेल्या ब्लॉकचा परिणाम साधारण ८ ते १२ तास, कधी थोडा अधिक टिकतो. काही जण तो लांबवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळतात किंवा शिरेतून देतात. वडिलांना मधुमेह असल्यामुळे त्या रात्री साखर वर जाईल आणि इन्सुलिन वाढवावे लागेल, हे लक्षात घेऊनच तो निर्णय व्हावा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला, सकाळी नऊच्या सुमाराला ब्लॉक दिला, तर रुग्णाच्या श्वासनळीतली नळी निघून तो शुद्धीवर येईपर्यंत त्यातला बराच काळ संपलेला असतो, आणि रात्री नऊ-दहाला, म्हणजे नातेवाईक निश्चिंत होऊन घरी गेल्यावर, दुखणे सुरू होते. शेवटी, टाके घालून झाल्यावर दिला, तर तेच तास रुग्णाच्या पहिल्या रात्रीच्या वाट्याला येतात. आधी दिल्याने शस्त्रक्रियेदरम्यान फेंटानिल हे अफूजन्य वेदनाशामक कमी लागते हा फायदा आहे, पण मला विचाराल तर पहिली रात्र अधिक मोलाची आहे.

ती का, हे आयसीयूमध्ये सकाळच्या फेरीत दिसते. आपल्याकडची वडीलधारी माणसे दुखण्याबद्दल सरळ बोलत नाहीत. शून्य ते दहापैकी किती दुखते असे विचारले की ‘दोन असेल’ म्हणतात. मग मी म्हणतो, “काका, एकदा खोकून दाखवा.” काका उशी छातीशी घट्ट धरतात, घशातल्या घशात एक आवाज काढतात आणि डोळे मिटून घेतात. “पडून आहे तोवर काही नाही, डॉक्टर.” ते ‘दोन’ म्हणजे पडून राहण्याचे दोन; खोकण्याचे आठ असतात. जो खोकत नाही त्याच्या फुप्फुसात कफ साचतो, तळाचे भाग मिटून जातात, प्राणवायूचे प्रमाण उतरते, आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाचा ताप येतो. फिजिओथेरपिस्ट हातात तीन चेंडूंचा स्पायरोमीटर देतात. त्यातला पहिला चेंडू उचलायला सेकंदाला ६०० मिलिलिटर वेगाने श्वास आत ओढावा लागतो, दुसऱ्याला ९०० आणि तिसऱ्याला १२००. ब्लॉकचा खरा उपयोग मी त्या चेंडूंवर मोजतो. पहिल्या सकाळी दोन चेंडू वर जात असतील आणि खोकल्याचा आवाज छातीतून येत असेल, तर ब्लॉकने आपले काम केले.

यावरचे संशोधन काय सांगते हेही स्पष्ट सांगणे योग्य. गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित सूर असा आहे की, उरोस्थीच्या कडेच्या ब्लॉकने पहिल्या १२ ते २४ तासांतले दुखणे आणि अफूजन्य औषधांची गरज कमी होते. पण हा फरक मध्यम आहे, सर्व अभ्यासांत सारखा नाही, आणि त्यामुळे रुग्णालयातला मुक्काम हमखास कमी होतो असे म्हणता येत नाही. छातीत महिनोन्महिने राहणारे जुनाट दुखणे यामुळे टळते असा ठोस पुरावाही नाही. ब्लॉक नाकारला तर वडिलांवर अन्याय होईल, असे मी म्हणणार नाही. मात्र ६८ वर्षांच्या माणसाला फेंटानिल किंवा मॉर्फिन जितके कमी लागेल तितकी गुंगी, उलटी, बद्धकोष्ठता आणि रात्रीचे बरळणे कमी, आणि श्वासनळीतली नळीही लवकर, शक्यतो सहा तासांच्या आत, निघते. दहा मिनिटांच्या, वरवरच्या सुईच्या बदल्यात एवढे मिळत असेल तर मी ती घ्यावी असेच सांगेन. माझ्या वडिलांसाठीही हेच सांगितले असते.

ब्लॉक उतरल्यावर काय, हा प्रश्न भूलतज्ज्ञांना तुम्ही आवर्जून विचारा. ब्लॉक कोणता यापेक्षा तो महत्त्वाचा आहे. योग्य उत्तर असे असायला हवे की, पॅरासिटामॉल वेळापत्रकाप्रमाणे, दर सहा ते आठ तासांनी, दुखो वा न दुखो, चालू राहील. आणि त्याउपर दुखल्यास ट्रॅमाडॉल किंवा फेंटानिल लहान मात्रेत दिले जाईल. ‘पेनकिलरने किडनी जाते’ हे वाक्य पुण्याच्या प्रत्येक वॉर्डात ऐकू येते आणि त्यापायी लोक पॅरासिटामॉलसुद्धा परत पाठवतात. किडनीला आणि त्याहून अधिक नव्या बायपासला धोका असतो तो डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांचा. बायपासच्या आगेमागे त्या देऊ नयेत असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा इशारा २००५ पासून आहे. घरी आल्यावर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ‘अंगदुखीची गोळी’ आणताना हे नक्की ध्यानात ठेवा. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेतले तर ही अडचण येत नाही; यकृताचा आजार असल्यास मात्र मात्रा कमी करावी लागते.

भूलतज्ज्ञांना काही गोष्टी तुम्हीही सांगायच्या आहेत. दातांच्या डॉक्टरांकडे सुई घेतल्यावर कधी धडधडले किंवा चक्कर आली असेल तर ते सांगा. बहुतेक वेळा तो ॲलर्जीचा प्रकार नसतो, सुईतल्या ॲड्रेनालिनचा किंवा भीतीचा परिणाम असतो, पण ते ठरवण्याचे काम त्यांचे आहे. वडिलांच्या पायाला मधुमेहामुळे मुंग्या येत असतील तर त्याची नोंद शस्त्रक्रियेआधी व्हायला हवी. आणि छातीवर पूर्वी कधी किरणांचा शेक (रेडिएशन) घेतला असेल, नागीण उठली असेल किंवा आत्ता पुरळ असेल, तर तिथून सुई घालायची की नाही याचा विचार बदलतो.

नोंद आधी व्हायला हवी असे म्हणण्याचे कारण असे की शस्त्रक्रियेनंतर उठणाऱ्या काही तक्रारींचे खापर ब्लॉकवर फुटते. करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येणे किंवा पकड सैल वाटणे हे छाती ताणल्यामुळे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर ताण आल्याने होते. छातीवरच्या सुईचा त्याच्याशी संबंध नसतो, आणि बहुतेकांत ते काही आठवड्यांत ते महिन्यांत भरून येते. डाव्या छातीवर, टाक्यांच्या बाजूला, हाताच्या पंजाएवढी जागा बधिर वाटते किंवा सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही, असे अनेक जण सांगतात. तो लिमा सोडवताना दुखावलेल्या बारीक शाखांचा परिणाम असतो आणि बधिरपणा कधी कधी वर्षभरही राहतो. ब्लॉकचा बधिरपणा दुसऱ्या दिवशी संपलेला असतो. जळजळ किंवा टोचणी तीन महिन्यांनंतरही झोप मोडत असेल, तर वेदना-उपचार केंद्रात दाखवा. त्यासाठी वेगळी औषधे आहेत, आणि ‘बायपास झालेय म्हटल्यावर दुखणारच’ असे म्हणून ती टाळू नयेत. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण घट्ट व्हायला त्याहून अधिक काळ लागतो, तेव्हा तोवर दुचाकी, जड पिशव्या आणि रिक्षातून खड्ड्यांचा प्रवास टाळावा, आणि गाडीत बसताना छातीशी उशी धरावी. या काळात कुशीवर वळताना किंवा खोकताना हाडातून कटकट आवाज आला, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, किंवा कमी होत आलेले दुखणे तापासह पुन्हा वाढले, तर गोळी वाढवून वाट पाहू नका, त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना दाखवा.